दाढी नसलेला ज्यू

माझ्या पहिल्या एकांकिकेचा प्रयोग संपला तेव्हा एक परीक्षक मेकअपरूममध्ये आले. नटांच्या पाठीवर थाप मारून झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, “लिखाण बरं आहे हो. पण नाटक ज्यूंवर म्हणता आणि स्टेजवर एकही माणूस ज्यू वाटत नाही. एखाद्याला तरी दाढी लावायची, एक काळा झगा द्यायचा.”

स्टेजवर अलिबागजवळच्या गावातलं एका तेल्याचं घर होतं. पुरुष बंडी-धोतरात, डोक्याला मुंडासं. बायका नऊवारीत, गळ्यात मंगळसूत्र. हे कपडे मी आमच्याच पणजोबा-पणजीच्या फोटोवरून शिवून घेतले होते. तसं मी त्यांना सांगितलं. ते हसले. “असतील. पण प्रेक्षकाला कळायला नको?”

त्या स्पर्धेत आम्हाला नेपथ्याचं उत्तेजनार्थ मिळालं. घाणा खरा होता, त्याला मिळालं.

त्या गृहस्थांवर मी बरीच वर्षं राग धरला. आता नाही. त्यांनी ज्यू पाहिला होता तो बिमल रॉयच्या ‘यहुदी’तला, सोहराब मोदींचा. ती गोष्ट आगा हश्र काश्मिरींच्या ‘यहुदी की लडकी’ या पारशी रंगभूमीवरच्या नाटकातून आली, आणि ते नाटक घडतं रोममध्ये. त्याच्या आधी भारतेंदु हरिश्चंद्रांनी शेक्सपिअरचा ‘व्हेनिसचा व्यापारी’ हिंदीत आणला तेव्हा त्यातल्या ज्यू शायलॉकला त्यांनी सरळ जैन सावकार करून टाकलं. ज्यू म्हणजे कोण, हे वाचकाला समजावत बसण्यापेक्षा ते सोपं वाटलं असावं. म्हणजे आपल्याकडे रंगमंचावरचा ज्यू एक तर परदेशातून आला, नाही तर आलाच नाही.

गंमत अशी की ‘बूट पॉलिश’मधल्या जॉन चाचावर याच प्रेक्षकांनी जीव ओवाळून टाकला होता. ते डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. ते आमच्यातलेच ज्यू, आडनावातच अलिबागजवळचं चौल आहे. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, आपला पहिला बोलपट. तो ज्या नाटकावरून बेतला ते जोसेफ डेव्हिड यांचं, आणि तेही आमच्यातलेच, पेणकर. पडदा बोलायला लागला तोच एका पेणकराच्या नाटकावर, आणि अशाच घराण्याच्या घाण्यावर नाटक लिहिणाऱ्या मला दाढी लावायला सांगत होते.

आम्ही बेने इस्रायल. परंपरा सांगते की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. जे बुडाले त्यांची प्रेतं वाहत आली, ती तिथेच पुरली. पुरुषांचा एक ढिगारा, बायकांचा एक. पोथ्या समुद्रात गेल्या. वाचलेल्यांनी कोकणात घाणे घातले, तीळ आणि खोबरं गाळलं, आणि शनिवारी बैल जुंपला नाही. म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. जिथे राहिले त्या गावाचं आडनाव घेतलं: किहीमकर, थळकर, झिराडकर, रोहेकर, दिवेकर. पाळण्यातली नावंही मराठी वळणाची झाली. एझकिएलचा हसाजी, सॅम्युअलचा समाजी, अब्राहमचा आबाजी.

सणांची नावं तर मला अजून एखाद्या नाटकाच्या शीर्षकासारखी वाटतात. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण: दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, दिवसभर उपास. पुरीमला आजी होळीचा सण म्हणायची. तिशा बआवला आमच्याकडे बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी जेवणात बिरडं. यरुशलेमचं मंदिर पडल्याचा शोक दोन हजार वर्षांनी कोकणात सोललेल्या वालांनी पाळला जात होता. हे कुणी मुद्दाम लिहून काढलं असतं तर मी त्याला म्हटलं असतं, जरा अति होतंय.

एवढा ऐवज हाताशी असताना मला नाटक मात्र सापडत नव्हतं.

कारण सांगतो. दिग्दर्शक मित्राला मी नव्या संहितेचं बाड वाचून दाखवायचो. तो संपेपर्यंत शांत ऐकायचा आणि विचारायचा, “संघर्ष काय?” युरोपातल्या ज्यू नाटककाराला हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्याच्या दाराशी जमाव येतो, स्टेशनवर गाडी उभी असते, शेजारी चुगली करतो. माझ्या गोष्टीत शेजारी काय करतो? शनिवारी आमच्या चुलीत निखारा घालून जातो आणि सोमवारी तेल उधार नेतो. बेने इस्रायलांचा या मुलखात कुणी छळ केला नाही. यहुद्यांच्या इतिहासात असं वाक्य लिहिता येणारी ठिकाणं फार थोडी, आणि याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान आहे. पण नाटककार म्हणून त्याने माझी दहा वर्षं खाल्ली.

त्या दहा वर्षांत एक पाप केलं. पोलंडमधल्या छळछावणीवर दोन अंकी नाटक लिहिलं. मेहनत खूप केली, पुस्तकं आणली, नकाशे जमवले. वाचनाला आलेल्या मंडळींचे डोळे पाणावले. घरी आल्यावर बायको म्हणाली, “यातली आई पोलिश वाटत नाही, इस्राएल आळीतली वाटते.” ती बरोबर होती. माझ्या त्या बाईच्या तोंडी दर चौथ्या वाक्याला ‘अगो बाई’ येत होतं. लोक रडले होते ते साठ लाख मेलेल्यांसाठी. माझ्या संवादांचा त्यात काही वाटा नव्हता. दुसऱ्याच्या वेदनेवर आपल्या आडनावाचा शिक्का मारणं सोपं असतं, कारण नाव ज्यू असलं की कुणी हटकत नाही. ते बाड मी बांधून ठेवलं. आजही कुणी मागितलं तर देत नाही.

वाट दाखवली ती एका वहीने. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ आमचं सिनेगॉग आहे, १८७९ सालचं. तिथे सणाला येणाऱ्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी एकदा पिशवीतून पुठ्ठ्याची वही काढली आणि म्हणाल्या, “तू नाटकं लिहितोस ना? बघ हे तुझ्या काही कामाचं आहे का.” त्यांच्या आजोबांचं कीर्तन होतं ते. निळसर शाई, बाळबोध अक्षर, समासात चालींची नावं: साकी, दिंडी, आर्या. विषय योसेफाचा, त्याला भावांनी विहिरीत टाकलं ती कथा.

बेने इस्रायल कीर्तन करत, हे मी ऐकून होतो. १८८०च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी आजूबाजूची कीर्तनं ऐकून आपलीही सुरू केली, मंडळ काढलं, अब्राहम-मोशेची आख्यानं रचली. पण ऐकणं वेगळं आणि वही हातात येणं वेगळं. पूर्वरंगात बोध, उत्तररंगात कथा, हातात झांजा. आणि बोलणारा मधेच थांबून बायकांच्या बाजूला बघून म्हणतो की याकोबाने एकाच मुलाला रंगीत अंगरखा शिवला, बाकीच्या अकरांना काय वाटलं असेल, तुम्ही घरात हेच करता की नाही? बायबल संपून पनवेलची खोली सुरू होते आणि सांधा दिसत नाही.

माझ्याकडे जे नव्हतं ते हेच. मी इतका काळ ज्यू माणूस दाखवायच्या मागे होतो. तो कसा दिसतो, काय घालतो. कीर्तनकाराला त्याची पर्वाच नाही. तो उभा राहतो आणि आपल्या भाषेत आपल्या पूर्वजांची गोष्ट सांगतो, ऐकणाऱ्याला तो कोण ते आपोआप कळतं. मी पुढचं नाटक कीर्तनातच बसवलं. मधे एक कीर्तनकार, मागे चार झीलकरी, आणि तेच वेळोवेळी पात्रं होणार. दाढीचा प्रश्न मिटला.

त्या नाटकातला पहिला प्रवेश जॉन विल्सनचा. स्कॉटिश मिशनरी, मुंबईत आले आणि आमच्या लोकांना हिब्रू शिकवायला बसले. १८३२ साली त्यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. हेतू उघड होता: यांना यांचाच जुना करार वाचता आला की पुढचं पुस्तक आपण देऊ. आमच्या लोकांनी व्याकरण घेतलं, शाळा घेतली, मुलांना इंग्रजीही शिकवलं आणि अपवाद सोडले तर धर्म आपला आपल्यापाशी ठेवला. हा प्रवेश विनोदी लिहिला होता, नटांनी तो आणखी विनोदी केला. पण एका प्रयोगाला विल्सनचं काम करणाऱ्या मुलाने शेवटी रिकाम्या वर्गाकडे बघून नुसतंच व्याकरण मिटलं, आणि मला पहिल्यांदा त्या मिशनऱ्याबद्दल वाईट वाटलं. पोथ्या बुडालेल्या माणसांना अक्षर परत आणून देणारा माणूस होता तो. संहितेत नव्हतं ते, पण मी नंतर लिहून घेतलं.

आणि संघर्ष? तो सापडला घरातच. बाहेर शोधत होतो म्हणून दिसत नव्हता.

आमच्यात गोरे आणि काळे असे दोन भाग होते. कातडीच्या रंगाशी याचा संबंध थोडाच. ज्यांच्या कुळात कधीकाळी बाहेरची बाई आली ते काळे. गोऱ्यांनी त्यांच्यात मुलगी द्यायची नाही, त्यांच्या भांड्यात जेवायचं नाही. आजूबाजूचा समाज करत होता तेच आम्ही केलं, आमच्यासाठी वेगळं काही शोधूनही काढलं नाही. लहानपणी हे शब्द मोठ्यांच्या तोंडी आवाज उतरवून ऐकले होते. आजी एखाद्या घराचं नाव निघालं की फक्त बोट आडवं धरायची.

मी ते आडवं बोट नाटकात घातलं. संवाद नाही, काही नाही, फक्त बोट.

मुंबईतल्या प्रयोगाला पहिल्या तीन रांगा आमच्याच लोकांच्या होत्या. विल्सनला हसून लोटपोट झाल्या होत्या. बोट आलं आणि हॉलमधला पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. मध्यंतरानंतर त्यातल्या पंधरा-वीस खुर्च्या रिकाम्या. दुसऱ्या दिवशी नात्यातल्या एका काकांचा फोन: “हे आता राहिलं आहे का कुठे? चार-पाच हजार माणसं उरलीत आपली या देशात. जगाला काय दाखवतोस?” मी म्हटलं, काका, राहिलं नसेल तर दाखवायला हरकत काय? ते काही बोलले नाहीत, फोन ठेवला. दोन वर्षं नव्याच्या सणाला त्यांच्याकडून चिकचा हलवा आला नाही. तिसऱ्या वर्षी आला, निरोपाशिवाय. डबा परत देताना मी त्यात नव्या प्रयोगाचे पास ठेवले. आले नाहीत.

त्यांचं म्हणणं सगळंच चूक होतं असं नाही. मोठ्या समाजात एक भानगड नाटकात घातली तर तो विषय असतो. मूठभर उरलेल्या समाजात तीच घातली तर ती ओळख होऊन बसते. हे ओझं बहुसंख्यांच्या लेखकाला नसतं. मी तरी तो प्रवेश काढला नाही, पण त्याच्यापुढे दुसरा अंक लिहिला, आणि काकांच्या फोनशिवाय तो सुचला नसता.

दुसरा अंक इस्रायलमध्ये. १९४८ नंतर आमचे लोक तिकडे जायला लागले. कुणी घालवलं नव्हतं. प्रार्थनेत रोज यरुशलेमचं नाव घ्यायचो, म्हणून गेले. वाळवंटात वसवलेल्या नव्या गावांत घरं मिळाली. सुरुवातीच्याच काळात काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं, आम्हाला परत पाठवा म्हणाले, आणि १९५२ साली काही जण खरंच परत आले. असे परत येऊन पुन्हा गेलेल्या एका आजोबांनी मला बिरशेबातल्या पावाची गोष्ट सांगितली. दुकानात पांढरा पाव मागितला तर दुकानदार म्हणाला, तुम्ही काळे, तुम्ही काळा पाव घ्या. आजोबा हे सांगताना हसले आणि म्हणाले, “आमच्या घराण्याला गोरे म्हणायचे हो अलिबागला.”

हे वाक्य मी जसंच्या तसं घेतलं. एक शब्द बदलला नाही.

पुढे १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं की बेने इस्रायलांचं लग्न लावण्याआधी त्यांच्या आई-आजीपासून मागे जाता येईल तितकं मागे जाऊन कुळ तपासावं. बाहेरची बाई आली होती का, हे बघावं. म्हणजे आमच्या आजीचं आडवं बोट आता सरकारी कागदावर आलं आणि ते सगळ्यांकडे वळलं, गोऱ्या-काळ्यांकडे सारखंच. १९६४च्या उन्हाळ्यात आमच्या माणसांनी यरुशलेममध्ये धरणं धरलं. बायका नऊवारी-पाचवारीत होत्या. त्या ऑगस्टात तिथल्या संसदेने, क्नेसेटने, खास बैठक घेऊन बेने इस्रायल सर्व अर्थाने ज्यू आहेत असं सांगितलं, आणि फर्मानातलं आमचं नाव गेलं.

या धरण्याच्या प्रवेशात मी कीर्तनकाराला गप्प बसवलं. झीलकरीच बोलतात. एक बाई दुसरीला विचारते, “काय गं, तुझ्या पणजीची आई कोण?” ती म्हणते, “मला काय ठाऊक? तुला ठाऊक आहे?” हळूहळू स्टेजवर सगळे एकमेकांना हेच विचारत राहतात. ठाण्यात या ठिकाणी लोक हसतात. पुण्यात कुणी हसलं नव्हतं. कारण मला अजून उमगलेलं नाही.

एकदा या नाटकाचं वाचन इस्रायलमध्ये केलं, आमच्या लोकांच्या एका सभागृहात. समोर तीन पिढ्या. आजी-आजोबांना मराठी येत होतं, मधल्यांना कळत होतं, नातवंडांना दोन्ही नाही. शेजारी बसलेली आई मुलाच्या कानात हिब्रूत सांगायची. त्यामुळे प्रत्येक विनोदाला दोनदा हशा: आधी म्हाताऱ्यांचा, मग पाच सेकंदांनी पोरांचा. ‘बिरड्याचा सण’ या शब्दावर मात्र फक्त पहिला हशा आला. आईने कानात सांगायचा प्रयत्न केला, पोरगा नुसता बघत राहिला. तेवढ्या पाच सेकंदांत मला माझ्या नाटकाचं वय कळलं.

आता थोडं कबुलीचं. मराठी नाटकाचा धंदा शनिवार-रविवारवर चालतो. शनवार तेल्याचा पणतू शनिवारी प्रयोग लावतो, याहून मोठा विनोद मी लिहिलेला नाही. सुरुवातीला मी हट्टाने शनिवार टाळला, निर्मात्याने दोन महिन्यांत हात टेकले. मग तोड काढली. शनिवारी रात्री साडेआठचाच प्रयोग, आकाशात तीन चांदण्या दिसल्यानंतर. पण सेट लावायला टेम्पो दुपारी येतो, लाइट्स दुपारी लागतात. मी घरी बसायचो आणि माझ्यासाठी दुसरे राबायचे. आमच्या हजानना, सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवतात त्यांना, हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “घाणा तूच फिरवतोस, फक्त बैल दुसऱ्याचा.” यावर उत्तर नव्हतं, अजून नाही.

त्याच हजाननी मला एक गोष्ट स्पष्ट बजावली होती: सेफेर तोरा, आमचा पवित्र ग्रंथ, स्टेजवर न्यायचा नाही, नकली असला तरी उघडायचा नाही. मी नटांना रिकामी लाकडी पेटी दिली. काम करताना ती पोरं पेटी अशी जपून धरायची की काही प्रेक्षक नंतर येऊन विचारायचे, आत खरंच आहे का? त्या पोरांत एकही ज्यू नव्हता. माझ्या नाटकांत आजवर आमच्या समाजातले दोनच नट मिळाले, बाकी सगळे डोंबिवली-कल्याणचे. हिब्रू शब्द ते देवनागरीत लिहून पाठ करतात आणि ‘शालोम’ असा म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं हा डोंबिवलीचाच शब्द आहे. मी दुरुस्त करणं सोडलं आहे. माझी आजीही काही फार वेगळं म्हणत नव्हती.

२००८च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर सिनेगॉगबाहेर पोलीस आले. सणाला आत जाताना ओळखपत्र दाखवावं लागतं. नाट्यगृहातही एकदा व्यवस्थापकांनी विषय वाचून विचारलं, बंदोबस्त लागेल का? मी म्हटलं, प्रेक्षक लागतील. त्या प्रयोगाला एक हवालदार आले, मागे उभे राहून पूर्ण नाटक बघितलं आणि जाताना म्हणाले, “साहेब, आमच्या रेवदंड्याला होते तुमचे लोक. तेलाचा धंदा. गेले सगळे.” आतापर्यंत मिळालेल्या अभिप्रायांत मला हा सगळ्यात अचूक वाटतो.

२०१६ साली महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. तेव्हापासून नातीच्या शाळेच्या अर्जात आमच्यासाठी रकाना आहे. माझ्या पुढच्या नाटकाचं काम सध्या चाललं आहे, आणि ते त्या रकान्यावर नाही. ते त्या कीर्तनाच्या वहीवर आहे, ज्या बाईंनी ती दिली त्या आता नाहीत. वहीतली शेवटची अठरा पानं वाळवीने नेली आहेत. योसेफ विहिरीतून बाहेर आला, मिसरला पोचला, आणि भाऊ धान्य मागायला येतात तिथे पान संपतं. तीच रचना दुसऱ्या कुणाच्या वहीत पूर्ण असेल, अशी आशा धरून बसलो आहे.

म्हणून एक विनंती. पेण, पनवेल, रोहा, अलिबाग, मुंबई, पुणे, कुठेही जुन्या इस्राएली घराची आवराआवर निघाली, माळ्यावर पुठ्ठ्याच्या वह्या सापडल्या आणि समासात साकी-दिंडी लिहिलेलं दिसलं, तर रद्दीत घालू नका. जवळच्या सिनेगॉगमध्ये नेऊन द्या. तिथे कुणी नसेल तर पहाऱ्यावरच्या पोलिसाकडे द्या, तो आत पोचवेल.